तुम्ही विचारलंत म्हणून : लिलाव साखळीबाहेर, मग सौदा सुरक्षित कसा?

जळगावात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपासून सराफ बाजारातल्या परिचितांपर्यंत अनेक जण मला हेच विचारतात, की टोकनच्या (डिजिटल नाण्यांच्या) अदलाबदलीचा लिलाव जर ब्लॉकचेनबाहेर, म्हणजे अनेक संगणकांवरच्या सामाईक नोंदवहीच्या ‘साखळी’बाहेर, कुणाच्या तरी सर्व्हरवर होत असेल, तर त्या सौद्याचा भरवसा काय?

पैसा बुडू नये एवढ्यापुरता तरी लिलावावर भरवसा ठेवावाच लागत नाही. इथेरियम या ब्लॉकचेनवरील काऊ प्रोटोकॉल या टोकन-अदलाबदलीच्या व्यवस्थेत तुम्ही केवळ एका मागणीवर सही करता: कोणते टोकन किती द्यायचे, बदल्यात किमान किती हवे आणि मुदत कधीपर्यंत. सॉल्व्हर म्हणवणारे स्पर्धक अशा अनेक मागण्या पाहून, जमेल तिथे दोन ग्राहकांची परस्पर गाठ घालून, नाहीतर इतर बाजारांतून टोकन मिळवून आपापला तोडगा मांडतात. जिंकणारा सॉल्व्हर स्वतः गॅस (साखळीवरचे व्यवहारशुल्क) भरून तो साखळीवर नेतो आणि खरी तपासणी तिथेच होते. सेटलमेंट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे सौदा पुरा करणारा साखळीवरचा आपोआप चालणारा कोड, सही पडताळतो, मुदत पाहतो, आणि किमान रकमेत किंचितही तूट आली तर अख्खा व्यवहार उलटवतो. जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव यांतले अंतर रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना सांगायला नको. इथे सहीतला भाव पाडून माल उचलण्याची सोयच ठेवलेली नाही.

टोकनही शेवटपर्यंत तुमच्याच वॉलेटमध्ये असतात. ते उचलण्याची परवानगी व्हॉल्ट रिलेयर नावाच्या वेगळ्या कॉन्ट्रॅक्टला दिलेली असते, आणि तोडगा राबवताना सॉल्व्हरला इतर कॉन्ट्रॅक्ट वापरता आले, तरी या रिलेयरला परस्पर हात लावण्यास सेटलमेंट कॉन्ट्रॅक्ट साफ मनाई करतो. ही बारीक तरतूद मला साऱ्या रचनेतली सर्वांत मोलाची वाटते.

मात्र किमान भावाची हमी म्हणजे उत्तम भावाची हमी नव्हे. किमान भाव कोड राखतो. त्यावरचा फायदा स्पर्धेवर, नियमांवर आणि सॉल्व्हरांच्या अनामत रकमेवर अवलंबून असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका सॉल्व्हरने दिलेल्या घातक परवानगीमुळे सेटलमेंट कॉन्ट्रॅक्टमध्ये साठलेले शुल्क चोरीला गेले. ग्राहकांचे टोकन तिथे नव्हतेच, म्हणून त्यांना झळ लागली नाही, आणि भरपाई त्या सॉल्व्हरकडूनच झाली.

त्यामुळे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, की सही करताना किमान रकमेचा आकडा वाचला होता का? स्लिपेज (भाव किती घसरलेला चालेल याची मर्यादा) सैल ठेवले असेल, तर कॉन्ट्रॅक्ट त्या सैल आकड्याचीच राखण करतो.