आमची वाटचाल : ड्रॉवरमधला अर्ज

आमचं वर्कशॉप १९९३ च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुरू झालं. भाड्याचा गाळा, हरिहरला बनलेला जुना किर्लोस्कर लेथ, एक पिलर ड्रिल, एक बेंच ग्राइंडर आणि दोन माणसं, मी आणि मिस्त्री. मिस्त्री माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. मी डिप्लोमा करून आलेलो, ते चौथीतून शाळा सोडून ऑइल इंजिनच्या कारखान्यात टर्नर झालेले. भांडवल निम्मं-निम्मं, पण पहिल्या दिवसापासून ते मला ‘मालक’ म्हणायचे आणि मी त्यांना ‘मिस्त्री’.

त्या लेथचा बेड चकाजवळ झिजलेला होता. लांब शाफ्ट घेतला की टेपर यायचा, म्हणजे एक टोक जाड, दुसरं बारीक. मिस्त्री टेलस्टॉक केसभर सरकवायचे, एक हलका कट घ्यायचे, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायचे, पुन्हा सरकवायचे. तो मायक्रोमीटर त्यांचा स्वतःचा होता, भागीदारीतला नव्हे. लाकडी पेटीत, आत निळं मखमल, थिंबलवरच्या रेघा बोटांनी घासून पुसट झालेल्या. रॅचेटचे तीन टिक ऐकल्याशिवाय त्यांनी कधी रीडिंग घेतलं नाही. वीस मायक्रॉनच्या टॉलरन्सचं, म्हणजे मापात तेवढाच फरक चालेल असं, काम आम्ही त्या झिजलेल्या मशीनवर दिलं आणि पहिल्या वर्षी आमचा एकही पीस रिजेक्ट होऊन परत आला नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

पुढची वीस-बावीस वर्षं काम होतं, पगार होत होते. २००४ मध्ये मिस्त्रींच्या डोळ्यांनी साथ सोडली, त्यांनी आपला हिस्सा घेतला आणि फर्म माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी झाली. तरी रोज सकाळी ते गाळ्यावर यायचेच. पोरांच्या टूलला धार आहे की नाही ते पीसच्या कडेवरचा बर नुसता बोटाने चाचपून सांगायचे.

२०१६ मध्ये आम्ही व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, घेतलं. पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर होती आणि त्यांच्या खरेदी विभागानेच आग्रह धरला होता की मशीन घ्या, व्हॉल्यूम आम्ही देतो. बँकेत गेलो. तारणाशिवाय कर्जासाठी सरकारची सीजीटीएमएसई ही हमी योजना २००० सालापासून आहे, तिच्यात माझी केस बसत होती. मॅनेजर म्हणाले, “त्या भानगडीत पडू नका, वेळ जातो. एक जामीनदार आणा, आठवड्यात मंजूर करतो.” मिस्त्रींनी सही केली. कळंब्याचं त्यांचं दोन खोल्यांचं घर तारण लागलं. सही करताना त्यांनी एकच विचारलं, “स्पिंडल किती हजार आरपीएमचा हाय?”

जो कोणी मशीन घेणार असेल त्याने मॅनेजरपुढे ती योजना लेखी मागावी. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये.

२०१९ साल गाड्यांच्या धंद्याला वाईट गेलं, हे या लाइनमधल्या कुणाला सांगायला नको. एप्रिलपासून पुण्याकडच्या त्या कारखान्याने बिलं थांबवली. ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू हायवेवर पाणी होतं, बरेच दिवस गाडी हलली नाही. आमच्या गाळ्यात पाणी आलं नव्हतं, माल तयार होता, पेट्या पॅक होत्या. त्या कारखान्याने काय केलं? त्यांची लाइन थांबल्याची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं उलटं बिल, आमच्या माथी मारली. त्यापोटी आमच्या बिलांतून ४ लाख ६२ हजार कापून घेतले आणि ऑर्डर नदीपलीकडच्या एका शॉपला दिली. त्या शॉपचा मालक आधी सहा वर्षं आमच्याकडे कामाला होता. ड्रॉइंग त्याला पाठ, फिक्स्चर त्याने आमच्याकडेच बनवलेलं. त्याने धंदा करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या स्टीलवाल्याला फोन करून “त्यांचं काही खरं नाही, उधारी सांभाळा” असं सांगण्याची त्याला काय गरज होती? त्या एका फोनने आमचं मटेरियल बंद झालं. मी ते विसरलेलो नाही.

ऑक्टोबरअखेरचा हिशेब असा होता. मशीनचं टर्म लोन १७ लाख, सीसी म्हणजे रोजच्या खर्चाचं कॅश क्रेडिट १२ लाख, मटेरियलवाले आणि टूलवाले मिळून ९ लाख, वर जीएसटी. येणं ११ लाख ४० हजार, सगळं त्या एकाच पार्टीकडून. दोन हप्ते थकलेले. ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात, जातं, मग बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते आणि पुढे तारणाचा ताबा. मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागलो होतो.

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात एक ओळखीचे वकील बसतात. त्यांनी नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, अर्जाचं नाव काढलं. मला वाटत होतं की २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आमच्यासारख्यांना लागू असेल. तो तसा नाही. एकट्या माणसांचा त्यातला भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. प्रोप्रायटरला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. मुंबई शहरात १९०९ चा वेगळा. देणं ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, इतका तो जुना. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, घेणेकऱ्यांना वाटणी होते आणि पुढे कोर्ट मुक्ततेचा आदेश देऊ शकतं. तोवर ५० रुपयांची उधारी घेतानासुद्धा आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगावं लागतं, नाहीतर तो गुन्हा.

मी अर्ज करायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. रात्री गाळ्यात बसून मालमत्तेची यादी हाताने लिहिली. व्हीएमसी, तीन लेथ, सरफेस प्लेट, बोअर गेज, गो-नो-गो गेज चौदा, कार्बाइड इन्सर्टचे डबे. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी यादी वाचली आणि काही ओळींवर पेन्सिलने खूण केली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र यांवर जप्ती येत नाही. पण मशिनं बँकेकडे गहाण होती, ती बँकेचीच.

“म्हणजे बँक थांबणार नाही?” मी विचारलं.

“तारण असलेला घेणेकरी या अर्जाने अडत नाही. जीएसटी सुटणार नाही, सरकारी देणं मुक्ततेनंतरही राहतं. चेक बाउन्सची केस फौजदारी, ती वेगळी चालेल. सुटेल ते मटेरियलवाल्यांचं देणं.”

“आणि जामीनदार?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. “तुमची मुक्तता झाली तरी जामीनदार मुक्त होत नाही. कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे.”

म्हणजे त्या कागदाने सुटलो असतो मी, आणि बुडवलं असतं स्टीलवाल्यांना, ज्यांचा माल मी वापरला होता. बँक मात्र सरळ कळंब्याला गेली असती.

संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. सगळं सांगितलं. वहिनींनी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालक, अर्ज घाला तुम्ही. माझं मी बघतो.” उठून आतून ती लाकडी पेटी घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवली. “हे यादीत घालू नका. हे माझं हाय.” त्यांना वाटलं होतं की रिसीव्हर आला तर गाळ्यावरचं सगळं उचलेल, म्हणून त्यांनी आपला मायक्रोमीटर आठवडाभर आधीच घरी नेला होता.

टाइप केलेला, सही केलेला अर्ज मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो कोर्टात गेला नाही.

याचा अर्थ अर्ज करणाऱ्याला मी नावं ठेवतो असा कुणी घेऊ नये. जामीनदार नसता, घर तारण नसतं, देणं सगळं हातउसनं आणि उधारीचं असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी दाखल केला असता. कायदा त्यासाठीच आहे आणि गळफासापेक्षा तो हजारपटीने बरा. फक्त जाण्याआधी एका कागदावर लिहा, कोणतं देणं सुटेल, कोणतं राहील आणि कुणाच्या अंगावर जाईल. तिसरा रकाना सगळ्यात आधी भरा. आणि घाईने घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करू नका. मलाही तिघांनी तो सल्ला दिला होता. अर्जाआधी दोन वर्षांच्या आतलं असं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं आणि तुमची नियत खोटी ठरते ती वेगळीच.

मग मार्ग कुठून निघाला? आमच्या सीएंनी रिझर्व्ह बँकेचं जानेवारी २०१९ चं परिपत्रक दाखवलं. १ जानेवारी २०१९ ला जे लघुउद्योगाचं खातं स्टँडर्ड होतं, म्हणजे एनपीए झालेलं नव्हतं, ते थकलेलं असलं तरी त्याची एकदा पुनर्रचना, म्हणजे हप्त्यांची नव्याने बांधणी, करून देता येत होती, ३१ मार्च २०२० पर्यंत. माझं खातं त्यात बसत होतं. दोन महिने मी बँकेच्या पायऱ्या झिजवत होतो आणि तिथल्या एकानेही मला याबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं. परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवली तेव्हा साहेब म्हणाले, “हो, असं आहे खरं.”

बँकेच्या संमतीने व्हीएमसी साडेचौदा लाखाला विकलं. ते ट्रकवर चढलं तेव्हा थकबाकीचा ७१ वा दिवस होता. फाउंडेशनचे बोल्ट पोरांनी कापले नाहीत, एकेक करून सोडवले. सगळे पैसे टर्म लोनला गेले, उरलेल्याची डिसेंबरमध्ये पुनर्रचना झाली. स्टीलवाल्यांना मी स्वतः जाऊन भेटलो, महिन्याला वीस हजार कबूल केले आणि लॉकडाऊनचे महिने सोडून एकदाही चुकवले नाहीत. काम पुन्हा बुश आणि पंपाच्या शाफ्टचं, उद्यमनगरातल्याच जुन्या गिऱ्हाइकांचं. टर्म लोन २०२३ मध्ये फिटलं, सीसी दुसऱ्या बँकेत नेली. घराचे मूळ कागद मी मिस्त्रींच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. बोटाने स्टॅम्प पेपरची कड चाचपली आणि वहिनींकडे दिले.

त्या कारखान्याने ६ लाख ७८ हजार अडखळत-अडखळत दिले. डेबिट नोटचे ४ लाख ६२ हजार आजही येणे आहेत. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे देण्याचा आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा कायदा २००६ पासून आहे. पण लघुउद्योग म्हणून आमची नोंदणी मी सप्टेंबर २०१९ मध्ये केली, माल त्याआधीचा. नोंदणी फुकट आहे, अर्ध्या तासाची आहे. ती केल्याशिवाय पहिलं चलन फाडू नका आणि चलनावर माल मिळाल्याचा शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका.

वसुलीची मुदत कायद्याने कधीच संपली. तरी दर ३१ मार्चला आम्ही त्यांना पोस्टाने बाकी कळवण्याचं पत्र पाठवतो, ४ लाख ६२ हजार, बिल नंबरांसकट. यंदाचं पत्र मुलाने टाइप केलं. सही करायच्या आधी मी बिल नंबर पुन्हा एकदा जुन्या फाइलशी ताडून बघितले.