उजवी बाही

शनिवार, रात्री साडेदहा

उजवी बाही आज तिसऱ्यांदा उसवली. आई झोपलीय, मशीनचा आवाज नको, म्हणून वही घेऊन बसले.

जॅकेट तिच्यासाठीच आहे. ती पहाटे अंबाझरीला फिरायला जाते. डिसेंबरातली नागपूरची पहाट दहा-बारा अंशांची, अन् नऊ वाजले की ऊन असं चढतं की अस्तराचं जॅकेट हातावर टाकून परतावं लागतं. आपल्याकडच्या थंडीला बिनअस्तराचंच बरं. शिवाय मी पहिल्यांदाच शिवतेय, अस्तर नाही म्हणजे निम्मं काम वाचलं, असंही मनात होतं. तसं झालं नाही. अस्तर सगळं झाकून घेतं. ते नसलं की आतली एकेक शिवण उघडी पडते, आणि सुती कापडाच्या काठातून धागे सुटायला वेळ लागत नाही.

कापड गांधीबागेतून आणलं. विटकरी खादी, ४४ इंच पन्हा. दुकानदार म्हणाले, "ताई, दोन मीटर पुरे होईल." आईने अडीच घ्यायला लावलं. रात्रभर भिजवून, वाळवून मोजलं तर लांबीत चांगली चार बोटं आटलेली! तसंच कापलं असतं तर पहिल्या धुण्यातच आखूड झालं असतं.

कापताना आजोबांची आठवण आली. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीत. कापड दोन्ही हातांनी ओढून बघायचे. ज्या बाजूने कमी ताणलं जातं तो ताणा, म्हणजे कापडाचे लांबीतले उभे धागे. मी तसंच ओढून पाहिलं आणि सगळे भाग ताण्याच्या रेषेत ठेवले, नाहीतर पुढचे दोन्ही पल्ले धुतल्यावर वाकडे लोंबतात.

खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणींना दोन दिवस गेले. आधी एक टीप. मग एका बाजूचा दाब, म्हणजे टिपेबाहेर उरलेला काठ, निम्मा कापायचा, दुसऱ्या बाजूचा त्याच्यावर दुमडून इस्त्री फिरवायची, आणि वरून दुसरी टीप. सुटे काठ आत बंद होतात. जाड घड्यांवर सुई तुटली, मग १६ नंबरची लावली. इस्त्री मात्र दर शिवणीला हवीच. मी सुरुवातीला टाळली आणि ती शिवण आजही फुगलेली दिसते.

काल आईने ते उलटं करून बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "आतून कुठं टोचत नाही गं," म्हणाली. विकतच्या स्वेटरची शिवण तिच्या मानेला घासते, हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मला फार भरून आलं.

आता बाही. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याखालच्या गोलापेक्षा, इंच-दीड इंच मोठा असतो. तो जास्तीचा भाग चुणी न पडता बसवायचा, म्हणून गोलावर लांब टाक्यांच्या दोन ओळी घालून दोरा हलकेच ओढायचा. पहिल्यांदा मी जोरात ओढला, खांद्यावर चुण्या आल्या. दुसऱ्यांदा गोल सुरेख बसला, पण बाही डावीची! पुढचा गोल जास्त खोल असतो, मागचा कमी. खुणा केल्याच नव्हत्या. आज खुणा होत्या, एक पुढे, दोन मागे, पण कच्चा दोरा न घालता थेट मशीनवर घेतलं आणि बगलेत कापड सरकलं.

उसवताना खादीला काही झालं नाही, एवढं बरं. उद्या दुपारी गॅलरीतल्या उजेडात आधी कच्चा दोरा घालणार. मग मुंढ्याच्या काठाला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी. ती दीड इंच रुंद कापून ठेवलीय. बटणं राहिलीत. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सीताबर्डीकडे जायला नको, इतवारीतून आणीन. पाच लागतील, एक जास्तीचं.