मारुती कांबळे आणि हयातीचा दाखला

मी वाचोपचारतज्ज्ञ आहे. पुण्यात घरोघरी जाते. माझे बहुतेक पेशंट म्हणजे स्ट्रोकनंतर बोलणं गेलेले ज्येष्ठ लोक. पाऊण तासाचं सेशन, चित्रांची कार्डं, तोंडाचे व्यायाम, घरच्यांना चार सूचना, की निघाले पुढच्या घरी. नोव्हेंबरातला एक अख्खा रविवार मात्र मी नारायण पेठेतल्या एका काकांच्या शेजारी बसून टीव्हीवर जुने मराठी सिनेमे बघितले. कामाचाच भाग म्हणून. त्या दिवशी जे घडलं ते या क्षेत्राबाहेरच्या लोकांनाही कळावं असं मला फार वाटतं, विशेषतः ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना.

काका पोस्टातून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक येऊन गेला होता. उजवा हात आणि पाय अधू, आणि बोलणं जवळजवळ गेलेलं. कानावर पडलेलं बरंचसं समजायचं. काय सांगायचंय तेही त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण शब्द ओठांवर येईना. याला ब्रोकाचा ॲफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवून दिली, त्याला 'तां' एवढा एकच उच्चार जमायचा. आमच्या काकांचा 'तेच' होता. तहान लागली की 'तेच', पाय अवघडला की 'तेच', आणि समोरच्याला उमगलं नाही की तेवढंच पुन्हा, पण जोरात.

घरच्यांची तक्रार टीव्हीची होती. "दिवसभर त्याच्यासमोर असतात. बंद केला तर चिडतात, आणि चालू असला की तोंडातून अक्षर नाही," सूनबाई म्हणाल्या. मुलाचं म्हणणं, टीव्हीमुळेच बाबा आणखी गप्प झाले, कायमचा बंद करू का? त्यातच आठ-दहा दिवसांपासून एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून 'तेच, तेच' म्हणायचे आणि पाणी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघायचे. काकूंना वाटलं एकादशीबद्दल असेल. मुलाला वाटलं डॉक्टरांची तारीख. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवून 'नाही' सांगितलं होतं.

टीव्ही बंद करा असं सांगणं सोपं होतं. पण हा माणूस दिवसभरात कधी तोंड उघडतो, कधी मिटतो, हे कुणी बसून पाहिलंच नव्हतं. पाऊण तासाच्या सेशनमध्ये ते कळत नाही. म्हणून वही घेऊन रविवारी सकाळीच गेले.

पोचले तेव्हा बातम्या लागल्या होत्या. चार चौकटींत चार माणसं एकदमच ओरडत होती, खाली दोन पट्ट्या पळत होत्या. काका पडद्याकडे बघतही नव्हते. डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवरच्या शालीच्या दशा पिळत होते, सोडत होते, पुन्हा पिळत होते. वाचाघात झालेल्या माणसाला एका वेळी एकच आवाज पेलतो. चार आवाज, वर संगीत, वर वाचायचा मजकूर, यातलं काहीच हाती लागत नाही आणि नुसता शीण होतो. म्हणजे घरचे सांगत होते ती शांतता खरी होती, पण ती बातम्यांची होती. टीव्ही मुलाच्या सोयीनं लागायचा, आणि चॅनल बदला हे सांगायला काकांकडे शब्द नव्हता.

मुलगा भाजी आणायला बाहेर पडला आणि काकूंनी चॅनल बदललं. पडद्यावर प्रभात फिल्म कंपनीच्या चिन्हातली तुतारी वाजवणारी बाई आली. काकांनी डावी मूठ तोंडाशी नेली आणि मान किंचित मागे टाकली, अगदी तिच्यासारखी. "हे दर वेळी करतात," काकू म्हणाल्या. मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. स्वतःहून केलेली, अर्थ असलेली खूण म्हणजे आमच्या कामात मोठा ऐवज.

सिनेमा होता 'संत तुकाराम'. १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा, इथेच पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत घडलेला. त्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस 'आधी बीज एकले' गाऊ लागले आणि काकांचे ओठ हलले. आधी नुसता हुंकार होता. मग 'बीज अंकुरले, रोप वाढले' हे शब्द स्पष्ट, सुरात आले. ज्या तोंडातून महिनोन् महिने 'पाणी' निघालं नव्हतं, त्याच तोंडातून. (हे पद शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेलं, तरी आजही कित्येकांना ते तुकोबांचाच अभंग वाटतं. काकूंनाही वाटत होतं.)

असं का होतं, याची थोडक्यात ओळख करून देते. वाक्य जुळवून बोलणं हे बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या भागाचं काम. चाल, ठेका, वर्षानुवर्षं घोळलेलं पाठांतर यांचे धागे उजव्या बाजूलाही असतात आणि खोलवरही असतात, म्हणून डावीकडे इजा झाली तरी आरत्या, पाढे, गाणी, कधी कधी शिव्यासुद्धा शाबूत राहतात. यावर उभी राहिलेली एक उपचारपद्धत १९७३ साली अमेरिकेत मांडली गेली. त्यात छोटी वाक्यं सुरावर म्हणवून घेतात आणि डाव्या हातानं ठेका धरायला लावतात.

पण इथेच घरच्यांची फसगत होते, म्हणून मी लगेच पडताळून पाहिलं. जाहिराती लागल्यावर आवाज बंद केला आणि विचारलं, "काका, काय वाढलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ जुळवले, कपाळावर आठी पडली. "तेच." गाण्यातला शब्द गाण्यातच राहिला होता. काकू हिरमुसल्या. मी त्यांना म्हटलं, शब्द आत आहेत एवढं आज नक्की कळलं, आता तिथून बाहेर यायची वाट शोधायची.

दिवसभर बघताना एक गोष्ट मला फार ठळकपणे जाणवली. जुन्या मराठी सिनेमात माणसं बोलतात कशी! बरेच नट संगीत नाटकातून किंवा रंगभूमीवरून आलेले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. शब्द अर्धवट खात नाहीत, वाक्य संपलं की थांबतात, मग दुसरा बोलतो. कॅमेरा चेहऱ्यावर पुरेसा वेळ राहतो, ओठ दिसतात. बोलण्याच्या पाठीमागे सतत संगीत वाजत नाही. मी सेशनमध्ये घरच्यांना जे कानीकपाळी ओरडून सांगते, की सावकाश बोला, समोर येऊन बोला, एका वेळी एकानंच बोला, ते सगळं हे सिनेमे न सांगता पाळतात. शिवाय गोष्ट आधीच माहीत असते, त्यामुळे एखादं वाक्य निसटलं तरी माणूस हरवत नाही. काकांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. विनोदाच्या जागेआधीच त्यांचा चेहरा फुलायचा.

जेवताना काकू जुन्या आठवणींत रमल्या. लग्नानंतरचा पहिला सिनेमा प्रभात टॉकीजला. नंतर सिंहगडावर टॉवर उभा राहिला आणि पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हा वाड्यात एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता, आणि शनिवारच्या मराठी सिनेमाला सगळा वाडा त्या एका खोलीत. "हे पुढे बसायचे आणि नटाच्या आधी डायलॉग म्हणायचे. लोक वैतागायचे." मी जेवता जेवता थांबले. काकांना पाठ आहेत ती नुसती गाणी नव्हेत, संवादसुद्धा आहेत, हे मला तेव्हा कळलं.

दुपारचा 'जगाच्या पाठीवर' अर्धा झोपेत गेला. 'एक धागा सुखाचा' लागल्यावर मात्र ते जागे झाले. मी त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवून ठेका धरायला लावला आणि सुधीर फडक्यांच्या आवाजाखाली आम्ही दोघं धृपद म्हणालो.

संध्याकाळी 'सामना' लागला. जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. मला या सिनेमाबद्दल वेगळीच आपुलकी आहे. दिग्दर्शक डॉक्टर, मास्तरांची भूमिका करणारे श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. काकांनी तो थिएटरात तीनदा पाहिलेला. तोवर मुलगा, सून, नात सगळे खोलीत जमले होते.

कथा ज्यांना माहीत आहे त्यांना ते वाक्यही माहीत आहे. गावात आलेला दारुडा मास्तर एका बेपत्ता माणसाबद्दल एकच प्रश्न धरून बसतो. लागूंचा चेहरा पडद्यावर आला, ते बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "मारुती कांबळेचं काय झालं?"

काकू मेथी निवडत होत्या. काडी हातातच राहिली. नात म्हणाली, "आजोबा बोलले!" मी सगळ्यांना हातानं गप्प राहायची खूण केली, कारण आत्ता टाळ्या वाजल्या असत्या तर वाट बुजली असती. हे पुन्हा पाठांतरच होतं, गाण्यासारखं. पण गाण्यात आणि यात एक फरक होता. हा प्रश्न होता, आणि यातलं नाव काढून तिथे दुसरं बसवता येतं.

जाहिरात लागली. आवाज बंद केला. काकांच्या समोर खाली बसले आणि त्यांच्या डाव्या हातावर ठेका देत मास्तरांच्या चालीवर म्हटलं, "मारुती कांबळेचं..." ते म्हणाले, "काय झालं?" दोनदा, तीनदा हेच केलं. मग काकूंकडे बोट करून, "चहाचं..." काका थांबले. माझ्या ओठांकडे बघत राहिले. "काय झालं?" आता पूर्ण त्यांनी म्हणायचं होतं. मी कपाची खूण केली आणि गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं फार कठीण असतं, घरच्यांना तर अशक्यच. मुलगा मदतीला तोंड उघडत होता, त्याला मी डोळ्यांनी थांबवलं. बराच वेळ गेला. सिनेमा परत सुरू झाला तरी आवाज बंदच ठेवला.

"च... चहा... काय झालं?"

काकू उठल्याच. चहा झाला, काकांनी बशीतून प्यायला, आणि मला वाटलं आजचं एवढं खूप आहे. वही मिटत होते, तेवढ्यात काकांनी डाव्या हातानं माझी ओढणी धरली. दुसऱ्या हाताला ताकद नव्हती, म्हणून हनुवटीनं कॅलेंडरकडे दाखवलं. सगळे सवयीनं 'तेच' ऐकायला तयार झाले होते. त्यांनी माझ्या मनगटावर स्वतःच ठेका धरला.

"दा... दाख... दाखला. काय झालं?"

खोलीत कुणाला काही कळेना. मग काकूच म्हणाल्या, "अगं बाई! हयातीचा दाखला!" पेन्शनरांना दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. आयुष्यभर पोस्टात काम केलेल्या माणसाला तो महिना विसरता येईल का? घरातल्या बाकी कुणाच्या तो लक्षातही नव्हता. आठ-दहा दिवस ते हेच विचारत होते. मुलगा त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, राहिलाय. आत्ता करतो." काकांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

आता हा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. काकूंनी कपाटातून पेन्शनची कागदपत्रं काढली, मुलानं ॲप उघडलं. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. काकांच्या चेहऱ्याची उजवी बाजू थोडी ओढलेली, त्यामुळे मला धाकधूक होती. पहिल्यांदा अडकलं, दुसऱ्यांदा झालं. नात ओरडली, "झालं, आजोबा!" तोवर 'सामना' संपून गेला होता.

एका वाक्यानं ॲफेजिया जात नाही. 'कुठे' आणि 'कधी' अजून आलेले नाहीत, आणि दमले की 'तेच' परत येतं. पण 'काय झालं'मध्ये आता नातीची परीक्षा, दुधाचं बिल, पायाचं औषध, पेपर असं बरंच काही बसतं. स्ट्रोकला सहा महिने उलटले की पुढे सुधारणा नाही, असं कुणीतरी घरच्यांच्या डोक्यात भरवलं होतं. ते खरं नाही. वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही.

टीव्ही बंद झाला नाही. मी काकूंना कागदावर लिहून दिलं: बातम्या दुसऱ्या खोलीत, सिनेमा रोज एकच, आणि शेजारी कुणीतरी बसलेलंच हवं. ओळखीचं वाक्य आलं की आवाज बंद करून अर्धं त्यांच्यासाठी सोडायचं आणि मनात दहा आकडे होईपर्यंत बोलायचं नाही. रिमोट डाव्या हाताशी ठेवायचा. नुसता टीव्ही चालू ठेवून बोलणं येत नाही, हेही मी त्यात लिहिलं, ठळक अक्षरात.

नव्या पेशंटच्या घरी गेल्यावर मी शिक्षण, नोकरी, घरात बोलली जाणारी भाषा अशी माहिती भरून घेते. त्यात आता एक प्रश्न वाढवलाय: थिएटरात पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलेला सिनेमा कुठला, आणि त्यातलं कुठलं वाक्य ते घरात म्हणायचे? उत्तर बहुधा बायकोला माहीत असतं.