केजीएफ : बंद खाणींच्या गावात एक दिवस

कर्नाटकातले सोन्याच्या खाणींचे गाव कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ, पाहायला जायचे असेल तर मोटारीचा मोह सोडून रेल्वेनेच जावे, असे मी सुचवीन. बंगळूरहून निघालेली गाडी बंगारपेटला मुख्य मार्ग सोडते आणि कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन करत मारिकुप्पमला जाऊन थांबते. हा फाटा १८९४ मध्ये खाणींसाठीच टाकलेला आहे, त्यामुळे खिडकीत बसल्या बसल्या अख्ख्या वसाहतीची मांडणी लक्षात येते. आमच्या डब्यात जेमतेम दहा माणसे होती. समोरून बंगळूरकडे निघालेली गाडी मात्र दारापर्यंत भरलेली होती. खाणी बंद झाल्यापासून इथली हजारो माणसे पोटासाठी रोज हा प्रवास करतात.

जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० मध्ये इथे काम हाती घेतले, १९५६ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात आल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या कायमच्या बंद झाल्या. एव्हाना चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथून इथवर वीज आली, ती याच खाणींसाठी. मुंबईकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या साथीने १९६५ मध्ये याच खाणीच्या पोटात वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली होती.

आज शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विवरांच्या, तोंडावरचे गंजलेले लोखंडी मनोरे आणि त्यांच्या माथ्यावरची थांबलेली चाके दुरूनही दिसतात. जवळ जाता येईल या भरवशावर आम्ही परवानगी न घेता गेलो आणि पहारेकऱ्याने आम्हाला फाटकावरूनच परत पाठवले, ते योग्यच झाले. शाफ्ट पाण्याने भरलेले आहेत आणि भोवतालची जमीनही भरवशाची नाही. आधी लेखी परवानगी मिळाली तर उत्तम. नाही तर कुंपणाबाहेरून जे दिसते त्यावर समाधान मानावे.

कुंपण नसूनही जिथे सर्वांत जास्त जपून राहावे लागते, त्या जागा म्हणजे ‘सायनाइड डंप’. खडक पिठासारखा दळून, सायनाइडच्या द्रावणाने त्यातले सोने काढून घेतल्यावर उरलेला चोथा शंभर वर्षे ओतत गेले, त्याच्या या करड्या-पिवळट टेकड्या आहेत. पावसाने त्यांच्या अंगावर खोल घळी पाडल्या आहेत आणि फोटोत त्या फार देखण्या दिसतात. आमच्यातला एक जण हौसेने वर चढला. पायाखालची पापडी फुटून तो घोट्यापर्यंत रुतला, पँटला चिकटलेली भुकटी झटकता झटकता त्याला खोकल्याची उबळ आली आणि मग अर्धा तास पाणी पीत बसावे लागले. या धुळीत फुफ्फुसांना घातक अशी सिलिकाही असते, म्हणून टेकडीवर चढू नये, वारा सुटलेला असताना आसपासही थांबू नये, आणि मुले बरोबर असतील तर तिकडे फिरकूच नये.

वसाहतीचे दोन भाग आजही सहज ओळखू येतात. साहेबांचे ऐसपैस बंगले आणि क्लब एकीकडे, तर एकाच भिंतीला भिंत लावून उभ्या केलेल्या खोल्यांच्या मजुरांच्या ‘लाइन्स’ दुसरीकडे. या लाइन्सना अवशेष म्हणवत नाही, कारण तिथे माणसे राहतात, दारात रांगोळी असते, दोरीवर कपडे वाळत असतात. तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. बोली मुख्यतः तमिळ आहे. ‘वणक्कम’ एवढ्यावरही ओळख होते. एका निवृत्त खाणकामगाराने आम्हाला घरात बोलावून भिंतीतली तिरकी भेग दाखवली. खोलवर दाबाखालचा खडक अचानक फुटला की वर घरे हादरत; त्याला इथले लोक ‘एअर ब्लास्ट’ म्हणत. “भेग बुजवली की पुढच्या हादऱ्याला पुन्हा उघडायची,” ते म्हणाले. “आता वीस वर्षे झाली, तशीच आहे.”

जेवणासाठी रॉबर्टसनपेटच्या बाजारात जावे, लाइन्समध्ये हॉटेल शोधत फिरू नये. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर मारिकुप्पमलाच विचारून घ्यावी. ती चुकली तर बसने किंवा रिक्षाने बंगारपेट गाठावे, तिथून बंगळूरकडे बऱ्याच गाड्या असतात.