मानेवरचा मस आणि तळपायाचा तीळ

माझ्या मानेवर उजव्या बाजूला, मला कळायला लागल्यापासून, एक मस होता. मसुराच्या दाण्याएवढा, तपकिरी, हाताला मऊ. लग्नानंतर मंगळसूत्राची पोत त्यात अडकायला लागली. कधीकधी ब्लाउजच्या गळ्याला रक्ताचा ठिपका लागलेला दिसे. सासूबाई म्हणायच्या, "अवं, चुना नि पापडखार लाव ना, आठ दिवसात गळून पडते." चुना मी लावला नाही, पण २०२२ च्या दिवाळीआधी एका पार्लरमध्ये मशीनने तो जाळून घेतला. पाच मिनिटांचं काम होतं. खपली पडली, जागा गुळगुळीत झाली आणि मी तो विषय विसरून गेले.

वर्षभरात त्याच जागी पुन्हा रंग यायला लागला. पांढुरक्या व्रणाच्या मधोमध काळपट ठिपके, आणि कड वेडीवाकडी. मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी मुलीच्या दहावीच्या परीक्षेचं कारण सांगत मी चार महिने घालवले. ते चार महिने आजही मला टोचतात.

शेवटी नागपुरात धंतोलीत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काढलेला तुकडा तपासणीला पाठवला होता का?" जाळल्यावर पाठवायला उरतंच काय! त्या रागावल्या नाहीत, पण नीट समजावून सांगितलं. माझा मस म्हणजे उंच आलेला तीळच. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी वरच्या थराच्या तळाशी एकेक सुट्या बसलेल्या असतात. तिळात त्या एका जागी गोळा होतात, थोडा काळ वाढतात आणि मग थांबतात. बहुतेक तीळ लहानपणापासून चाळिशीपर्यंत येतात. मोठ्या माणसाच्या अंगावर १० ते ४० तीळ असणं अगदी नेहमीचं. वयात येताना आणि गरोदरपणात ते गडद होऊ शकतात, उन्हाने वाढतात. अर्धवट जाळला की मुळाशी राहिलेल्या पेशी व्रणातून वाकड्यातिकड्या वर येतात, आणि मग तो साधा तीळ आहे की कर्करोग, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण होऊन बसतं.

माझा मस काढून तपासायचं ठरलं. मी उठायला लागले तर बाई म्हणाल्या, "थांबा, चपला काढा. तळपाय बघू."

डाव्या पायाच्या चवड्याखाली एक काळा तीळ निघाला. एकेचाळीस वर्षांत तो मी एकदाही पाहिला नव्हता! तिळाचा कर्करोग आपल्याकडे कमीच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, असं त्या म्हणाल्या. माझे पाय गार पडले. त्यांनी दिव्याचं भिंग, डर्मोस्कोप म्हणतात त्याला, तळपायावर टेकवलं आणि चित्र स्क्रीनवर दाखवलं.

माझं माहेर काटोलकडचं. स्क्रीनवर मला चक्क बाबांचं मिरचीचं वावर दिसलं. तळपायाच्या कातडीवरच्या रेषा म्हणजे सरी, वरंबा, सरी, वरंबा. वरंब्यावर घामाची छिद्रं मोत्यांच्या सरासारखी ओळीने, आणि तिळाचा काळा रंग सरीतून पाण्यासारखा वाहत गेलेला. "रंग सरीत आहे, हे चांगलं लक्षण," बाई म्हणाल्या. "वरंब्यावर चढलेला दिसला असता तर मी आजच तुकडा काढला असता." पट्टीने मोजला तर ४ मिलिमीटर भरला. फोटो काढून ठेवला आणि तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं.

मानेचं काम साधं निघालं. जागा बधिर करणारं इंजेक्शन तेवढं चुरचुरलं. तीन टाके पडले, तुकडा छोट्या बाटलीत घालून तपासणीला गेला, टाके सातव्या दिवशी निघाले. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या दिवसांत मी पोळ्या करताना मोजायला लागायचे आणि मधेच विसरायचे. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, पुन्हा उगवलेला साधा तीळ, कर्करोगाच्या पेशी नाहीत. नवऱ्याने तो कागद दोनदा मोठ्याने वाचला.

बाईंनी कशावर नजर ठेवायची तेही सांगितलं. तिळाचे दोन अर्धे एकसारखे नसणं, कड फाटल्यासारखी असणं, एकाच तिळात दोनतीन रंग, पेन्सिलच्या खोडरबराहून म्हणजे ६ मिलिमीटरहून मोठा आकार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बदल: वाढणं, खाजणं, आपोआप रक्त येणं. चाळिशीनंतर नवा तीळ आला तर दाखवून घ्यायचा. तिळातून केस येतो तो वाईट नाही, पण उपटायचा नाही, कात्रीने कापायचा. बाकी तिळाला वेगळं काही लावायची गरज नसते, ऊन तेवढं सांभाळायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा स्कूटरवर दुपट्टा आम्ही सगळ्याच बांधतो. पण मान मागून उघडी राहते, हे माझ्या आता लक्षात आलं. तिथे आणि हातांवर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावते.

तीन महिन्यांनी तळपायाचा तीळ तेवढाच होता. त्या रविवारी मी घरातल्या सगळ्यांचे तळपाय टॉर्च घेऊन पाहिले. सासूबाई आधी पाय आखडून बसल्या, "काहून वं, माझ्या पायाला काय झालं?" मग माझा तीळ पाहून म्हणाल्या, "तळपायावर तीळ म्हणजे परदेशी जाशील तू." त्यांच्या टाचेच्या कडेला एक तीळ सापडला, कधीपासून आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पट्टी लावून फोटो काढला, तारीख लिहिली. बुधवारी त्यांना बाईंकडे घेऊन जाते आहे.