कूलंटची टाकी बदलली, रडवलं मात्र बारीक नळीने

खंबाटकी घाटात गाडीच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकला तेव्हाच शंका आली होती. आठवड्याला पाव लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गायब, आणि पार्किंगमध्ये एक डाग नाही. शनिवारी टाकी काढून उन्हात धरली. दोन अर्ध्या भागांच्या जोडावर केसाएवढी चीर, भोवती वाळलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्रा. गळती गरम असतानाच व्हायची आणि तापलेल्या इंजिनावरच वाळून जायची.

शेजारच्या काकांनी एम-सील सुचवलं. नुसती ओव्हरफ्लोची, म्हणजे जास्तीचं कूलंट बिनदाबाने साठवणारी बाटली असती तर ऐकलंही असतं. पण या गाडीत दाबाचं झाकण टाकीवरच आहे, म्हणजे इंजिन तापलं की सगळा दाब तिच्यावर. कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही ते बरंचसं या दाबामुळेच. तिथे डागडुजी केलेली टाकी चालत नाही. नवीन टाकी, नवीन झाकण.

टाकीचा खालचा जाड होज (रबरी पाइप) दोन मिनिटांत सुटला. वरची बारीक परतीची नळी मात्र तोटीला अशी चिकटलेली की ओढली असती तर तोटीच हातात आली असती. पक्कडीने हलकेच गोल फिरवली, तेव्हा कुठे सुटली. बसवताना टोक गरम पाण्यात बुडवलं, अलगद चढली. इथवर मी स्वतःवर खूश.

पन्नास-पन्नास मिश्रण भरलं (डिस्टिल्ड पाणीच, आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत काय होतं ते रोज बघतो). इंजिन चालू, हीटर पूर्ण गरमवर, आत अडकलेली एअर काढायचा स्क्रू सैल. मे महिन्यात हीटर लावून बसलेला माणूस बघून वॉचमन दोनदा डोकावून गेला. इंजिन तापून रेडिएटरचा फॅन लागला, आणि पाठोपाठ बारीक नळीतून फुस्स!

क्लिप मी तोटीच्या टोकाच्या फुगीर कडेवरच बसवली होती. ती कडेच्या मागे बसायला हवी. नळीवर जुन्या क्लिपचा दबलेला ठसा स्पष्ट दिसत होता, मी बघितलाच नाही. इंजिन थंड होईपर्यंत दीड तास थांबलो, क्लिप मागे सरकवली. तिचे कान या वेळी वर ठेवले, पुढच्या वेळी पक्कड पोचेल असे. सांडलेलं लगेच धुतलं, कारण कूलंट गोडसर आणि विषारी, आणि सोसायटीतली कुत्री काहीही चाटतात.

आज चौथा दिवस. रोज सकाळी थंड इंजिनवर बघतो, पातळी मार्करच्या रेघेवरच आहे. रेडिएटरचा खालचा होज दाबल्यावर कुरकुरतोय, पुढचा शनिवार त्याचा.