१९१९ साली वारलेल्या लेखकाची सही कुठून आणू?

ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीवर मी लिनोकटचं, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेल्या चित्रांचं, पुस्तक केलं. चोवीस चित्रं, तीस प्रती. कोरायला आठ महिने लागले, त्याचं काही नाही. पण छपाईच्या अनुदानाचा अर्ज पुढे सरकायला अडीच महिने लागले, ते अजून डोक्यातून जात नाही.

कागद कागजीपुऱ्याहून आणला. संभाजीनगरहून खुलताबादला जाताना दौलताबाद मागे टाकलं की हे गाव येतं. हातकागद आहे, आदल्या रात्री ओलसर करून ठेवला की शाई छान धरतो.

अर्जातला सातवा मुद्दा होता : मूळ लेखकाचे संमतिपत्र. मी तिथे ‘लागू नाही’ लिहिलं. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, ‘त्रुटी’ असा शिक्का मारून. मग मीच कार्यालयात गेले. तिथले कारकून म्हणाले,

“ताई, लेखकाची एक सही आणा ना, काम होऊन जातं.”

“ते वारले.”

“अरेरे. मग वारसांची आणा. आणि मृत्यूचा दाखला जोडा.”

“१९१९ ला वारले हो!”

त्यांनी पेन खाली ठेवलं. वाटलं, सुटले. तर म्हणाले, “मग तर दाखला जुना असेल. सत्यप्रत चालेल.”

यानंतरच्या चार खेपा सांगत बसत नाही. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा सर्व्हर बंद, एकदा फाइल दुसऱ्या टेबलावर. पाचव्या वेळी मी कॉपीराइट कायद्याच्या कलम २२ची प्रिंट घेऊन गेले. लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे आजच्या हिशोबानंही आपट्यांचा हक्क १९७९ संपताच संपला. तेवढंच साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र करून लिहून दिलं. दहा मिनिटांत अर्ज घेतला. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

आधीच सांगायला हवं होतं : मजकूर घ्याल तो मूळ कादंबरीचाच घ्या. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा ज्यांनी लिहिल्या, त्यांचा हक्क असू शकतो. आणि अक्षरं कोराल तर उलटी कोरा. नायिकेचं नाव ‘यमू’ माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये आरशातलं आलं, अख्खा तुकडा वाया गेला. लिनो कडक वाटला तर गच्चीवर उन्हात ठेवा. आपल्याकडच्या एप्रिलात पाच मिनिटं पुष्कळ होतात. केशवपनाचं चित्र मी असंच तापवून एका बैठकीत कोरलं, कारण उठले असते तर परत बसवलं नसतं.

हां, ऑनलाइन अर्जात लेखकाचा मोबाइल नंबर बंधनकारक होता. रकाना रिकामा ठेवला की पान पुढे जाईना. शेवटी माझाच टाकला. परवा मेसेज आला : ‘प्रिय हरी नारायण आपटे, आपला अर्ज मंजूर झाला आहे.’